बागायती मक्यातील पतंगवर्गीय किडी: पाहणी, पाणीपाळी आणि फवारणी

पाण्याची खात्रीशीर सोय असलेल्या शेतात प्रथमच मका घेणाऱ्याच्या मनात किडीविषयी पहिला प्रश्न येतो तो कोणते औषध फवारावे हा. प्रत्यक्षात हा प्रश्न बराच नंतरचा आहे. पतंगवर्गीय किडींची अळी लहान असते आणि पानांवर उघडी सापडते तो काळ थोड्याच दिवसांचा असतो. एकदा ती पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, खोल उतरली किंवा खोडात शिरली की उत्तम औषधही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बागायती शेतात त्या मोजक्या दिवसांत आत पाऊल टाकता येईल की नाही हे पाणीपाळीवर ठरते. म्हणून या लेखात पाहणी आणि पाणी यांना अधिक जागा दिली आहे, औषधांना तुलनेने कमी.

पहिली पायरी: कोणती अळी आहे ते ओळखणे

पतंग स्वतः मका खात नाहीत. नुकसान करते ती त्यांची अळी. मक्यावर येणाऱ्या अळ्या नुकसानीच्या जागेवरून तीन गटांत सहज विभागता येतात: पोंगा खाणाऱ्या, खोड पोखरणाऱ्या आणि कणसात शिरणाऱ्या. गट चुकीचा ओळखला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नये.

पोंगा खाणाऱ्यांत आज सर्वांत महत्त्वाची आहे ती अमेरिकन लष्करी अळी, शास्त्रीय नावाने स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. ही मूळची अमेरिका खंडांतील कीड 2016 मध्ये आफ्रिकेत, 2018 मध्ये भारतात, 2019 मध्ये चीनमध्ये आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदली गेली. हा वेग समजण्याजोगा आहे, कारण तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत सुमारे 100 किलोमीटर अंतर कापू शकतो. अळीच्या डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटीजवळ, म्हणजे पोटाच्या आठव्या खंडावर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे चार ठळक काळे ठिपके असतात. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच ओळख पक्की धरावी. फार लहान अळीत त्या नीट दिसत नाहीत, म्हणून तिथे भिंगाचा उपयोग होतो.

मादी साधारण 100 ते 200 अंड्यांचा पुंज घालते आणि त्यावर अंगावरच्या करड्या खवल्यांचे आवरण पसरते. उष्ण हवेत 2 ते 3 दिवसांत अंडी उबतात. बाहेर पडलेल्या अळ्या पानाचा हिरवा थर खरवडून खातात, त्यामुळे पानावर कागदासारखे पारदर्शक पांढरट चट्टे पडतात. त्यानंतर त्या रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या रोपांवर जातात. प्रादुर्भाव सुरुवातीला गोल गोल पट्ट्यांत का दिसतो याचे हे कारण आहे. अळीच्या सहा अवस्था 14 ते 22 दिवसांत पूर्ण होतात, मग ती जमिनीत 2 ते 8 सेंटीमीटर खोलीवर कोष करते. उन्हाळ्यात संपूर्ण जीवनक्रम सुमारे 30 दिवसांचा असतो, थंडीत तो दुपटीहून अधिक लांबतो.

या सगळ्यात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी: अळी तिच्या आयुष्यात जेवढे पान खाते त्यातला तीन-चतुर्थांश वाटा एकट्या शेवटच्या, सहाव्या अवस्थेत खाल्ला जातो. पहिल्या तीन अवस्थांचे खाणे त्यामानाने नगण्य असते. म्हणजे शेत फाटलेले दिसू लागते तेव्हा अळ्या मोठ्या झालेल्या असतात आणि नियंत्रणाची सोयीची वेळ निघून गेलेली असते. जे शेत अजून चांगले दिसते, तेच बारकाईने पाहायचे असते.

खोडकिड्याची अंडी पानाच्या खालच्या बाजूस, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली आढळतात. गुलाबी खोडकिडा मात्र ती पानाच्या आवरणात खोडालगत लपवतो. लहान अळी गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून आरपार खाते, म्हणून पान उलगडल्यावर त्यावर एका ओळीत आडवी छिद्रे दिसतात. पुढे ती खोडात शिरून वाढीचा कोंब कुरतडते आणि मधली पाने वाळून पोंगेमर होते. शंका असेल तर मधले वाळलेले पान हलके ओढावे. ते सहज उपटून आले आणि त्याचे बूड कुजलेले असले, तर बहुधा खोडकिडाच आहे. लष्करी अळीच्या पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा साचलेली असते आणि पानांच्या कडा वेड्यावाकड्या फाटतात.

कणसातील अळीची, म्हणजे हेलिकोव्हर्पाची, अंडी ताज्या रेशमी केसांवर सुटी सुटी घातलेली असतात. तिचा विचार पुढे केला आहे. रोपे जमिनीलगत कापलेली आढळली तर कुरतडणारी अळी असण्याची शक्यता असते. ती दिवसा रोपाजवळच्या मातीत लपलेली असते, म्हणून पडलेल्या रोपाभोवती दोन-तीन सेंटीमीटर माती उकरून पाहावी.

दुसरी पायरी: पेरणीपूर्वीची कामे

पाणी हाताशी असणे हा बागायती मक्याचा मोठा फायदा, पण किडीच्या बाबतीत तोच अडचणीचा ठरतो. मनाला येईल तेव्हा पेरता येते, म्हणून एकाच परिसरात रोप, पोंगा, तुरा आणि कणीस या सर्व अवस्थांतला मका एकाच वेळी उभा राहतो आणि लष्करी अळीला वर्षभर कोवळे खाद्य मिळते. ही कीड प्रतिकूल काळात सुप्तावस्थेत जात नाही. तिला सलग अन्न लागते आणि ते आपणच पुरवतो. त्यामुळे शक्य तितके सर्व क्षेत्र थोड्या दिवसांत पेरून संपवावे, मोठ्या मक्याला लागून नवा मका पेरू नये आणि आधीच्या पिकाच्या सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली रोपे पाण्याच्या पहिल्या पाळीनंतर लगेच काढून टाकावीत.

खोडकिड्याचे गणित वेगळे आहे. त्याच्या अनेक जाती पीक नसलेला काळ धसकटांत आणि वाळलेल्या ताटांत अळीच्या रूपाने काढतात. तिथे धसकटे बारीक करणे, ताटे चाऱ्यासाठी कुट्टी करून वापरणे किंवा कुजवणे यांचा थेट उपयोग होतो. नांगरट दोन्हींसाठी उपयोगी आहे, कारण ती जमिनीतले कोष आणि अळ्या असलेली धसकटे वर आणून ऊन आणि पक्ष्यांच्या स्वाधीन करते. मात्र शेजारच्या शेतातून उडून येणाऱ्या पतंगांना ती अडवत नाही, तेव्हा तिच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये.

बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असेल तर ती रोपाला पहिले दोन ते तीन आठवडे संरक्षण देते. पिशवीवरील घटकाचे नाव लिहून ठेवावे, कारण पहिल्या फवारणीचे औषध निवडताना त्याची गरज पडणार आहे. मक्यात चवळी, उडीद, तूर अशी कडधान्ये आंतरपीक म्हणून घेतल्यास मित्रकीटकांना आसरा मिळतो. पूर्व आफ्रिकेत मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती आणि शेताच्या कडेने नेपिअर गवत लावण्याची पद्धत खोडकिड्याविरुद्ध विकसित झाली. डेस्मोडियमच्या वासाने पतंग दूर जातात आणि कडेच्या गवताकडे ओढले जातात.

तिसरी पायरी: कामगंध सापळे

रोपे उगवण्याच्या सुमारास एकरी चार ते पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावावेत. सापळा पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर राहील असा बांधावा आणि पीक वाढेल तसा तो वर सरकवावा. आमिषाची वडी वेष्टनावर दिलेल्या मुदतीत, साधारणपणे तीन ते चार आठवड्यांनी, बदलावी आणि जुनी वडी शेतात टाकू नये. आठवड्यातून दोनदा पतंग मोजून संख्या वहीत लिहावी.

सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून त्यांच्यामुळे पीक वाचेल असे समजणे चूक आहे. सापळ्यांची संख्या तिप्पट केली तरी शेजारून गाभण माद्या येत राहतातच. सापळा घंटेचे काम करतो: पतंगांची आवक वाढली की त्यानंतरच्या आठवड्यात अंडीपुंज आणि लहान अळ्या शोधायला बाहेर पडायचे. केवळ सापळ्यातल्या आकड्यावरून फवारणी करू नये. इतर जातींचे पतंगही त्यात अडकतात. लष्करी अळीच्या नर पतंगाच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरट त्रिकोणी ठिपका असतो, तो पाहूनच मोजणी करावी.

चौथी पायरी: शेताची पाहणी

उगवणीनंतर पहिल्या आठवड्यापासून तुरा बाहेर पडेपर्यंत आठवड्यातून दोनदा पाहणी करावी. वेळ सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास ठेवावी, कारण भर दुपारी अळ्या पोंग्यात खोल बसतात. बांधालगतच्या पाच-सहा ओळी सोडून आत शिरावे, डब्ल्यू अक्षराच्या वाटेने चालावे आणि पाच ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी सलग 20 रोपे पाहावीत. एकूण 100 रोपे होतात, म्हणजे प्रादुर्भावित रोपांची संख्या हीच टक्केवारी. सलग रोपे घेण्याचा आग्रह यासाठी की, मोकळे सोडले तर नजर आपोआप फाटलेल्या रोपाकडे जाते आणि आकडा फुगतो.

प्रादुर्भावित रोप कोणते धरावे यात नवखे हमखास चुकतात. मक्याचे पान एकदा फाटले की ते शेवटपर्यंत फाटलेलेच राहते. अळी मरून किंवा कोषात जाऊन पंधरा दिवस उलटले तरी जखम दिसते. म्हणून मधल्या, नुकत्या उलगडणाऱ्या पानांवर ताजे खरवडणे किंवा पोंग्यात ओलसर विष्ठा असेल तरच ते रोप मोजावे. त्यांतील दहा रोपांचे पोंगे उघडून अळीची लांबी पाहावी. तिसऱ्या अवस्थेतील अळी सुमारे 6 मिलिमीटर, चौथ्या अवस्थेतील 10 मिलिमीटर आणि सहाव्या अवस्थेतील 34 मिलिमीटर असते. बहुतेक अळ्या 10 मिलिमीटरच्या आत असतील तर उपाय लागू पडण्याची चांगली शक्यता असते. बहुतेक अळ्या 25 मिलिमीटरहून मोठ्या असतील तर त्या काही दिवसांत आपणच जमिनीत उतरणार असतात, आणि त्यांच्यावर केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

उपायाची पातळी, म्हणजे किती रोपांवर नुकसान दिसल्यावर उपाय करायचा ती मर्यादा, सर्वत्र सारखी नाही. धान्यासाठीच्या मक्यात सुरुवातीच्या पोंगा अवस्थेत सुमारे 20 टक्के आणि उशिराच्या पोंगा अवस्थेत सुमारे 40 टक्के रोपांवर ताजे नुकसान ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात वापरली जाणारी मध्यम पातळी आहे. काही देशांच्या शिफारशी याहून कडक, म्हणजे 5 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान आहेत. आपल्या भागात अधिकृत पातळी असेल तर ती पाळावी. पिकाला पुरेसे पाणी आणि नत्र मिळत असेल, तर मी स्वतः वरच्या टोकाकडे झुकेन. सहा पाने येईपर्यंत मक्याचा वाढबिंदू जमिनीखाली सुरक्षित असतो, आणि नीट पोसलेले पीक पानांचे सुरुवातीचे नुकसान बरेचसे भरून काढते. फाटके पान डोळ्यांना खुपते, पण त्या प्रमाणात उत्पन्न घटतेच असे नाही. मधुमका (स्वीट कॉर्न) आणि शिशुमका (बेबी कॉर्न) यांच्यात मात्र ही मोकळीक घेऊ नये.

पाचवी पायरी: पाणीपाळी आणि फवारणी यांचा मेळ

सरीने पाणी दिल्यावर जमिनीत वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल जाऊन बेताची ओल उरेपर्यंत, आत जाता येत नाही. भारी जमिनीत हे तीन ते चार दिवसही चालते. पाहणीत लहान अळ्या सापडल्या, पण त्याच दिवशी पाणी सुटले, तर वाफसा येईपर्यंत त्या अळ्यांनी एक-दोन वेळा कात टाकलेली असते. यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक पाणीपाळीच्या दोन दिवस आधी पाहणी ठेवणे. पातळी ओलांडलेली आढळली तर आधी फवारणी करावी, मग पाणी द्यावे. किडीच्या भीतीने पाणी मात्र लांबवू नये. विशेषतः तुरा आणि रेशमी केस येण्याच्या काळात पाण्याचा ताण पडल्यास होणारे नुकसान अळीच्या नुकसानीपेक्षा मोठे असू शकते.

तुषार सिंचनात वरून पडणारे पाणी पोंग्यात साठते आणि काही लहान अळ्या त्यात बुडतात किंवा वाहून जातात. हा फायदा आयता मिळतो, पण त्याला उपाय म्हणून गृहीत धरता येत नाही. उलट, फवारणीनंतर लगेच तुषार संच सुरू केला तर औषध पानांवरून धुऊन जाते. म्हणून संच आधी चालवावा, पाने सुकू द्यावीत, मग फवारावे आणि त्यानंतर लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत, शक्यतो 24 तास, संच बंद ठेवावा. सिंचनाच्या पाण्यातून औषध देण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली जाते. लेबलवर तशी स्पष्ट परवानगी असेल आणि औषधमिश्रित पाणी उलट विहिरीत जाऊ नये यासाठी एकदिशा झडप बसवलेली असेल, तरच तिचा विचार करावा.

ठिबकाच्या शेतात ओळींमधली जागा कोरडी राहते, त्यामुळे कोणत्याही दिवशी आत जाता येते. वेळ साधण्याच्या दृष्टीने ही सर्वांत सोयीची पद्धत आहे.

सहावी पायरी: जैविक आणि साधे उपाय

क्षेत्र लहान असेल तर पाहणी करतानाच अंडीपुंज चुरडावेत. एका पुंजात शंभरावर अंडी असतात, तेव्हा हे काम दिसते तेवढे क्षुल्लक नाही. पोंग्यात बारीक वाळू, किंवा नऊ भाग वाळूत एक भाग चुना मिसळून, टाकण्याचा उपाय पहिल्या महिन्यातील रोपांना लागू पडतो.

ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस हे अतिशय लहान गांधीलवर्गीय कीटक पतंगांच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. ट्रायकोग्रामाची कार्डे, म्हणजे ज्यांतून हे कीटक बाहेर पडतात अशी अंडी चिकटवलेले कागद, सापळ्यांत पतंग दिसू लागताच, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूस बांधावीत आणि आठवड्याच्या अंतराने पुन्हा लावावीत. अळ्या बाहेर पडल्यानंतर लावलेली कार्डे निरुपयोगी असतात. कार्डे लावण्याच्या आगेमागे काही दिवस रासायनिक फवारणी करू नये.

अंडी आणि पहिल्या दोन अवस्थांतील अळ्या दिसत असताना 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी 5 किलो निंबोळ्यांचा गर भरडून रात्रभर पाण्यात भिजवावा, वस्त्रगाळ करावा आणि एकूण द्रावण 100 लिटर करावे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतो आणि उन्हात लवकर निष्प्रभ होतो, म्हणून तो संध्याकाळी पोंग्यात फवारावा. मेटारायझियम किंवा नोमुरिया या बुरशींना रुजण्यासाठी दमट हवा लागते. इथे बागायती शेताचा फायदा होतो: पाणी दिल्यानंतर वाफसा येताच संध्याकाळी केलेली फवारणी त्यांना अनुकूल ठरते. अळी मरायला चार ते सात दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी जिवंत अळी पाहून निराश होऊन वर रसायन मारू नये.

सातवी पायरी: रासायनिक फवारणी

पातळी ओलांडली असेल आणि अळ्या अजून लहान असतील तरच या पायरीवर यावे. आपल्या देशात मक्यासाठी नोंदणी असलेलेच औषध घ्यावे आणि मात्रा लेबलवरून ठरवावी. लष्करी अळीसाठी प्रामुख्याने वापरली जाणारी औषधे वेगवेगळ्या क्रियागटांत, म्हणजे किडीला मारण्याच्या पद्धतीवरून पाडलेल्या क्रमांकित गटांत, मोडतात: क्लोरअँट्रानिलिप्रोल गट 28 मध्ये, स्पिनेटोरम गट 5 मध्ये, इमामेक्टिन बेन्झोएट गट 6 मध्ये. किडीच्या एका पिढीवर, म्हणजे साधारण 30 दिवसांत, एक गट वापरला तर पुढच्या पिढीवर दुसरा गट घ्यावा. व्यापारी नाव बदलले म्हणजे गट बदलला असे होत नाही. बियाण्याला सायअँट्रानिलिप्रोलची प्रक्रिया झाली असेल तर पहिल्या फवारणीत क्लोरअँट्रानिलिप्रोल टाळावे, कारण दोन्ही एकाच गटातील आहेत. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव लिहून ठेवायला सांगितले ते यासाठीच.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधे स्वस्त आणि ताबडतोब परिणाम दाखवणारी असली तरी पहिली निवड म्हणून घेऊ नयेत. लष्करी अळीच्या अनेक ठिकाणच्या समूहांत त्यांना प्रतिकार आढळला आहे. शिवाय त्यांच्यामुळे मित्रकीटक मरतात आणि उष्ण कोरड्या हवेत लाल कोळी उसळतो, ज्याचे नियंत्रण मूळ अळीहूनही अवघड जाते.

फवारणीपूर्वी पंपाचे मोजमाप करावे. 100 चौरस मीटर जागेत साधे पाणी नेहमीच्या चालीने फवारून किती लागते ते पाहावे. 4 लिटर लागले तर हेक्टरी 400 लिटर लागतील, आणि त्या हिशेबाने औषध घ्यावे. पोकळ शंकूचे नोझल वापरून तोंड थेट पोंग्यावर धरावे. सगळ्या पानांवर धुके उडवण्यापेक्षा प्रत्येक पोंग्यात थेंब उतरणे महत्त्वाचे आहे. तणनाशकासाठी वापरलेला पंप इथे वापरू नये. वारा पाठीशी ठेवून, हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारावे. मधमाश्या मक्याचे पराग गोळा करायला येतात, म्हणून तुरा फुललेला असताना सकाळची वेळ वर्ज्य समजावी. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लेबलवर दिलेले असते. ताटे जनावरांना घालायची असतील तर चाऱ्यासाठीचा थांबण्याचा काळही पाहावा.

फवारणीनंतर तिसऱ्या ते चौथ्या दिवशी त्याच वाटेने पुन्हा 100 रोपे पाहावीत. जिवंत अळ्या अजूनही बऱ्याच असतील तर आधी पंप, वेळ आणि अळीचा आकार तपासावा. मात्रा वाढवणे हे त्यावरचे उत्तर नाही.

आठवी पायरी: कणसाची अवस्था

रेशमी केस बाहेर आल्यापासून हेलिकोव्हर्पाच्या अंड्यांतून निघालेली अळी काही तासांतच केसांमधून आत शिरते. त्यामुळे फवारणी उपयोगी पडते ती फक्त केस ताजे असतानाच्या दिवसांत, आणि तीही थेट केसांवर केली तर. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका कणसात बहुधा एकच मोठी अळी उरते आणि ती टोकाचे थोडे दाणे खाते. धान्यासाठीच्या मक्यात एवढ्यासाठी उंच पिकात शिरून फवारणी करणे क्वचितच परवडते. मधुमक्यात मात्र कणसाचे टोकच ग्राहकासमोर येते, तिथे ती करावी लागते. लष्करी अळीही कणसाच्या बाजूने आवरण पोखरून आत जाते. असे कणीस काढणीच्या वेळी वेगळे ठेवावे, कारण पोखरलेल्या जागी बुरशी वाढते आणि तिचे विष चांगल्या दाण्यांत मिसळण्याचा धोका राहतो.

काढणीनंतर आठवड्याभरातच ताटे जमिनीलगत कापून कुट्टी करावी आणि ओल असतानाच नांगरट करावी. जमीन कोरडी पडली तर ढेकळे निघतात आणि कोष त्यांच्या आत सुरक्षित राहतात. त्यासाठी गरज पडल्यास एक हलके पाणी देऊन वाफशावर नांगर घालावा. पाहणीच्या वहीत पतंगांच्या पहिल्या आवकेची तारीख आणि त्या वेळी पिकाला किती पाने होती ते नोंदवावे, म्हणजे पुढच्या हंगामात पेरणीची तारीख आणि पहिल्या सापळ्याचा दिवस त्यावरून ठरवता येतो.